आंब्याच्या शेंड्यावरची रेघ

सुरत
रविवार, २९ डिसेंबर १९७४

चि. विजय यास,

दादाचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. तुम्हीही खुशाल असाल, रजनीचा खोकला थांबला असेल, तुझ्या कारखान्यातला तो भांडकुदळ फोरमन अजून भांडत असेल. झालं, रीत पाळली. आता मुद्द्याचं.

जिंकलो! लेका, जिंकलो!

पाकिटात दोन पुठ्ठ्यांच्या मधे फोटो आहे. तो आधी बाहेर काढ, खिडकीशी जा, आणि मग पुढचं वाच. खाली काळं दिसतं ते आंब्याचं झाड. आकाशात लहान लहान वाकड्या रेघा आहेत ते तारे. शटर उघडं असताना पृथ्वी थोडी फिरली, म्हणून ठिपक्यांच्या रेघा झाल्या. सगळ्या कशा एकाच बाजूला वळलेल्या आहेत बघ, शाळेतल्या रांगेसारख्या. आणि त्या सगळ्यांना आडवी कापत, आंब्याच्या शेंड्यावरून डावीकडे उतरत गेलेली लांब, मधेच जाड झालेली रेघ दिसते? ती उल्का. मिथुन राशीकडून आलेली. तुझ्या दादाने पकडलेली.

आता तुझी वाणी तुलाच ऐकवतो. दिवाळीत, तुझ्या ओसरीवर, चकलीचा तुकडा तोंडात धरून तू म्हणालास, "दादा, उल्केचा फोटो म्हणजे पासबुकावर शिक्का मारणं नव्हे. आमच्या आकाशदर्शन मंडळात एकालाही अजून जमलेलं नाही. तू सुरतेच्या दिव्यांतून काढून दाखव, तू सांगशील ती एक गोष्ट मुकाट करीन. का म्हणून विचारणार नाही." मी तिथल्या तिथे टाळी घेतली. रजनी आणि नीला दोघी साक्षीला होत्या. शर्त तू घातलीस, मी नुसती धरली. पण धरली ती घट्ट. तुझ्याकडून ती एक गोष्ट मला करून घ्यायचीच होती, म्हणून तर हा सगळा खटाटोप. ती कोणती ते या पत्रात सांगणारच आहे. आधी मात्र मला पोटभर बढाई मारू दे. वर्षानुवर्षं तुझी ऐकून घेतली आहे.

भाऊबीज आटोपून सुरतेला परतलो आणि लगेच सिंह राशीच्या उल्कांची रात्र आली. कॅमेरा तोच, माझा रशियन झेनिट, वजनात खलबत्त्याला हार जाणार नाही असा. बिऱ्हाडाच्या गच्चीवर मांडला. तुझा सल्ला वेदवाक्य मानून शटर चांगलं अर्धा तास उघडं ठेवलं. फिल्म धुऊन आली ती डांबरासारखी काळी! प्रिंट काढली असती तर कोरा पांढरा कागद मिळाला असता. उधन्याच्या गिरण्यांचे दिवे, स्टेशनचे दिवे, समोरच्या लग्नघराची रोषणाई, सगळी मंडळी त्या अर्ध्या तासात आत येऊन बसली होती. वर त्याच रात्री मी गच्चीवरच्या पत्र्याच्या पिंपावर असा आदळलो, की चोर आला म्हणून खालचे शेजारी काठ्या घेऊन वर धावले. नीला त्यांना म्हणाली, "चोर नाही हो, हे आहेत. आकाश बघतायत." हसलास ना? हस. अंधारात कोणाचंही होतं असं.

मग तुझा सल्ला मी गुंडाळून कपाटावर टाकला आणि स्वतःचं डोकं चालवलं. मंडळात व्याख्यान देशील तेव्हा हे सांग, आणि नाव घेऊन सांग. उल्का डोळ्याचं पातं लवतं तेवढ्यात जाते. तुझं शटर किती वेळ उघडं आहे याच्याशी तिला काही कर्तव्य नाही. तिच्या कामाच्या गोष्टी दोनच, भिंग किती उघडं आणि फिल्म किती तेज. म्हणून अॅपर्चर पूर्ण उघडं, दोनवर. फिल्म ऑर्वोची सत्तावीस डिनची, आमच्या बाजारात त्याहून तेज मिळाली नाही. शटर ‘बी’वर. ते लांब उघडं ठेवायचं ते एवढ्याचसाठी, की पाहुणी येईल तेव्हा दार उघडं असावं. पण दार फारच वेळ उघडं टाकलं तर पाहुणीच्या आधी गावभरचा उजेड घरात शिरतो. गावाबाहेरच्या काळ्या आकाशाला दहा मिनिटं पुरे. मग झाकायचं, फिल्म पुढे सरकवायची, पुन्हा उघडायचं. मासे धरणाऱ्यासारखं जाळं टाकत राहायचं.

आणि फोकस! अनंतावर लावला म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि अंधारात हात लागून ती कडी कधी सरकते ते कळतही नाही. मी भर दुपारी लांबच्या गिरणीच्या धुराड्यावर फोकस साधला आणि कडीवर चिकटपट्टी मारून टाकली, जखमेवर मारतो ती. अॅपर्चरच्या कडीवरही मारली. शटर दाबायच्या केबलच्या स्क्रूला दोऱ्याची गाठ बांधली, म्हणजे बोटाला कळावं कुठे आवळायचं. मग डोळे मिटून फिल्म सरकवायचा सराव केला. शटर दाबणं, आवळणं, सोडणं, सरकवणं, पुन्हा पुन्हा. नीला भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "परीक्षा आहे का?" म्हटलं, हो. तिने पुढची जुडी पुढ्यात ओढली.

दवाचं काय करायचं हा शेवटचा प्रश्न. थंडीत भिंगावर दव बसतं आणि सगळं मुसळ केरात. त्यावर तोड तुझ्या वहिनीने काढली. लहान मुलाची छाती शेकायला गरम मिठाची पुरचुंडी करतात ना, तशा दोन केल्या. एक भिंगाभोवती बांधायची, दुसरी शेगडीच्या कडेला गरम ठेवायची, आणि निवली की बदलायची. तुमच्या मंडळातल्या एकाही इंजिनियराला हे सुचलं असतं का, खरं सांग.

तर तेरा तारखेला, कार्तिकी अवसेला, संध्याकाळच्या एस.टी.ने आम्ही कामरेजच्या पुढे आमच्या बँकेच्या एका खातेदाराच्या शेतावर गेलो. भला माणूस. सायबाला काय भलतंच सुचलंय असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं, पण त्याने पोंक, म्हणजे आपला हुरडा, भाजून खायला घातला, खाट दिली, शेगडी दिली. दक्षिणेला चलथाणच्या साखर कारखान्याचा गाळपाचा उजेड होता, म्हणून कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला केलं, आंब्याच्या शेंड्यावर, आणि हे सगळं दिवस मावळायच्या आत उरकलं. तिपाईचे पाय मातीत पुरले. मिथुन राशीकडेच कॅमेरा रोखायचा नाही बरं का, तिथे उल्का आखूड दिसतात. तिच्यापासून लांब बघायचं, मग लांबच लांब रेघ मिळते.

रात्रभर मी केबल धरून बसलो आणि नीला खाटेवर उताणी पडून ओरडत राहिली. "गेली! अगं बाई, ही केवढी! अहो, ही हिरवी होती!" शेतकऱ्याची बायको गोधडी घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. प्रत्येक उल्केला ती "हे राम" म्हणायची, कुणाचा तरी जीव गेला म्हणून. आणि लगेच नीलाला विचारायची, "हवे बीजी क्यारे?" म्हणजे पुढची कधी! माणसाचा जीव जातो म्हणून हळहळायचं आणि पुढच्याची वाटही बघायची. किती दिसल्या ते मला विचारू नकोस. मोजायचं खातं नीलाकडे होतं. मी मिठाच्या पुरचुंड्या बदलत होतो.

आता ऐक खरी गंमत. इथे माझं नाक कापलं जायचं ते थोडक्यात वाचलं.

रोल मी भाईदासकडे दिला. भाईदास म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी ज्याचा फोटो स्टुडिओ आहे तो. सुरतेतल्या अर्ध्या नवऱ्या त्याच्या हातून सुंदर झाल्या आहेत. गालावरचे देवीचे व्रण, कपाळावरची खोक, सगळं ब्रशच्या टोकाने असं बेमालूम घालवतो की नवरा मुलगा फोटो बघून हो म्हणतो आणि मग मांडवात दचकतो. कशाचे फोटो ते मी त्याला सांगितलं नाही. न जमता बोभाटा नको, म्हणून तोंड मिटून होतो. वर मीच शहाणा, बजावून आलो, "भाईदास, एक मोठी प्रिंट काढजो, एकदम चोख्खी!"

गेल्या शनिवारी बँक अर्ध्या दिवसाची, दुपारी गेलो. दुकानात लग्नाचं वऱ्हाड बसलेलं. भाईदासने ड्रॉवरमधून प्रिंट काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. काळं आकाश, खाली आंबा. बस्स! ना तारा, ना रेघ, ना काही. अवसेच्या रात्री काजळाच्या डबीचा फोटो काढावा तसा.

"साहेब, तमारो कॅमेरो बदली नाखो," तो म्हणाला. "आखी फिल्म घसाई गई छे. ओरखडाच ओरखडा! बे बपोर बगडी मारी. पण जुओ, हवे एके डाघ छे? अने आंबो तो शुं सरस आव्यो छे!"

अरे विजय, त्या बाबाने दोन दुपारी बसून माझे सगळे तारे पुसले होते! एकेक करून, शाईने, नवरीचे व्रण पुसावे तसे! आणि ती मोठी रेघ? "ए तो सौथी मोटो ओरखडो हतो," तो अभिमानाने म्हणाला. "एने बहु वार लागी." म्हणजे तिलाच फार वेळ लागला!

मी ओरडलोच, "भाईदास, ए ओरखडा नथी, ए आकाश छे!" सगळं वऱ्हाड वळून बघायला लागलं. भाईदासचा चेहरा गोरामोरा झाला. निगेटिव्हला हात लावलास का, मी विचारलं. ना, ना, फक्त प्रिंटवर ब्रश फिरवला, आणि ती पाण्याची शाई, पाण्यात घातली की निघते, असं म्हणत तो मला हाताला धरून मागच्या दाराशी घेऊन गेला. तिथे उन्हात त्याचा प्रिंट धुवायचा मोठा ट्रे होता. त्यात त्याने पाणी ओतलं आणि फोटो अलगद सोडला.

आधी काहीच नाही. मग शाईचा बारीक धूर पाण्यात उठला. आणि मग विजय, एक तारा आला. त्याच्या बाजूला दुसरा. मग झाडाच्या फांदीवर तीन. मग इतके, की भाईदास मोजायचं सोडून नुसता "अरे वाह, अरे वाह" करत राहिला. शेवटी त्याने बोटाच्या टोकाने हळूच ट्रे हलवला आणि ती आली, शेंड्यापासून डावीकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भर दुपारी, सुरतेच्या गल्लीत, पाण्याखाली. मी हुंदके देऊन रडलो रे. पन्नाशीकडे झुकलेला बँकेतला माणूस, नवरी मुलीच्या मावशीसमोर रडलो. ती मावशी घाबरून पाणी घेऊन आली.

भाईदासने ती प्रिंट स्वतः वाळवली, आणि आणखी एक काढून आपल्या काचेच्या कपाटात लावली आहे, नवऱ्यांच्या मधोमध. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "अडक्यो नथी, एमनेम छे!" हात न लावलेला एकच फोटो त्याच्या दुकानात आहे, आणि तो माझा आहे.

इथे मी लेखणी खाली ठेवून चहा पिऊन आलो. नीला म्हणाली, "लिहिलंत का?" म्हटलं, फोटोचं लिहिलं. ती म्हणाली, "आणि बाकीचं?" बाकीचं आता लिहितो.

मी रडलो तो जिंकलो म्हणून नाही. ते आकाश मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. कामरेजला मला एकही उल्का दिसली नाही. उल्का सोड, ताराही नाही. गेली तीन-चार वर्षं मला रात्री काही दिसत नाही, विजय. दिवा असला की दिसतं. दिवा गेला की कोणी डोळ्यांवर घोंगडी टाकल्यासारखं. म्हणून सगळं दुपारी लावून ठेवलं, म्हणून बोटांना शिकवलं. त्या रात्री नीला नुसती ओरडत नव्हती. प्रत्येक वेळी माझा हात ओढून तळहातावर बोटाने रेघ काढत होती, इथून इथे गेली म्हणून. येवल्याला उन्हाळ्यात गच्चीवर झोपायचो तेव्हा आपण आईच्या तळहातावर अशाच काढायचो. "कुठून कुठे गेला रे?" असं ती विचारायची, आणि आपल्याला वाटायचं आई आळशी आहे, मान वर करत नाही. मग कळलं ती रातआंधळी आहे. लोक म्हणायचे गाजर द्या, शेवग्याचा पाला द्या. दिला. काय झालं?

गणपतीत मुंबईला बँकेच्या कामाला गेलो म्हणून तुला लिहिलं होतं, ते खोटं. डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. आईचंच आहे, रक्तातून आलेलं. औषध नाही. दिवसाची नजर अजून चांगली आहे, पण कडेकडेने आत सरकत येते, किती वर्षांत किती ते कोणी सांगू शकत नाही. मी विचारलं, मला एकट्यालाच का? ते म्हणाले, भावंडं असतील तर त्यांनाही बघायला पाठवा.

आणि आता माझी मागणी. दिवाळीत तुझ्याकडे लाईट गेली, आठवतं? बायका स्वयंपाकघरात होत्या. आपण दोघंच बाहेरच्या खोलीत. तू कोनाड्यातली काडेपेटी शोधायला उठलास आणि दोनदा माझ्याच तोंडावर हात फिरवलास, आणि मोठ्याने हसलास. स्वतःच्या घरात, विजय! खिडकीतून शेजारच्या पणत्यांचा उजेड येत होता, असं नीलाने मला मागून सांगितलं. तो उजेड मला दिसला नाही. तुला दिसला का? मी हसलो नाही. तेही तुला दिसलं नसणार.

त्याच क्षणी सांगायचं होतं. पण डोळ्यांचं नाव काढलं की तू उठून बाहेर जातोस, आईच्या वेळेपासून. म्हणून दुसऱ्या दिवशी तू शर्त घातलीस तेव्हा मला देवच पावला.

तर ऐक. हे पत्र मिळेल त्या आठवड्यात पुण्यातल्या चांगल्या डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. रजनीला बरोबर न्यायचं, आईचं आणि माझं दोन्ही सांगायचं. आणि ते काय म्हणतात ते कळेपर्यंत दिवस मावळल्यावर मोटारसायकलला हात लावायचा नाही. दुसरी पाळी बदलून घे. फोरमन भांडला तर भांडू दे. रजनीने नीलाला लिहिलं आहे, तू गेल्या महिन्यात उभ्या बैलगाडीला धडकलास आणि घरी सांगितलंस की कुत्रं आडवं आलं. तुझं कुत्रं आणि माझं पिंप एकच आहे रे राजा.

तुला नसेलही. देवाशपथ, मला तेच हवंय. नसेल तर सुरतेला ये आणि चारचौघांत मला वेड्यात काढ, मी पेढे वाटीन. पण असेल, तर हा फोटो जवळ ठेव. ज्याला तारा दिसत नाही त्याने काढलेला आहे तो. मला कोणी सांगितलं असतं की तुझी रात्र संपली, तर परवापर्यंत मी मान डोलावली असती. आता नाही डोलावणार. जानेवारीच्या उल्कांना आम्ही पुन्हा कामरेजला चाललो आहोत. त्या शेतकऱ्याची बायको नीलाला निरोपावर निरोप धाडते आहे.

फोटो मंडळात लाव. खाली लिही, पाहिली नीलाने, पकडली अविनाशने. तुझ्या मंडळींना जळू दे खुशाल.

शब्द दिला आहेस. मुकाट जा. का म्हणून विचारणार नाही म्हणाला होतास, तरी मी सगळं सांगितलं, कारण तू माझा धाकटा आहेस.

तुझ्या आधी या अंधारात शिरलेला आणि हात हलवत न परतलेला,

तुझा दादा